मूई रिव्हरला राहिलेला मुलगा

माखोझाने फांदी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाच्या चुऱ्याशेजारी ठेवली, तेव्हाच एल्फस झोंडीने ओळखलं, काहीतरी चुकलंय.

फांदी टेबलावर ठेवायची नसते. परगावी कुणी अवचित मेलं, की घरच्या माणसाने रानबोरीची फांदी घेऊन त्या जागेवर जायचं, मेलेल्याला नावाने हाक मारायची आणि तो फांदीवर आला की त्याला घेऊन घरी निघायचं. वाटेत बोलायचं ते फक्त त्याच्याशी. जिवंत माणसाशी चकार शब्द नाही. बोललं की तो तिथेच उतरतो आणि तिथेच राहतो. घरी पोचलं की थेट मागच्या खोलीत, पूर्वजांच्या जागी, फांदी आडवी ठेवायची. हे डांबुझा वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एल्फसलाही ठाऊक होतं, जरी गेली चाळीस वर्षं तो या सगळ्याला निव्वळ खुळ म्हणत आला होता.

"काय गं, काय झालं?"

माखोझा कोटासकट खुर्चीत बसली. रात्रभराच्या गाडीने तिचे पाय सुजून बुटांवर आले होते. "झेनझेलेचे बाबा," ती म्हणाली, "मी बोलले हो. तोंड उघडलं मी. मूई रिव्हरला."

आणि मग ती जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. एल्फस हातात जोडे शिवायची आरी घेऊन तसाच उभा राहिला. संपावर उतरलेल्या हजार माणसांना काय सांगायचं हे त्याला झोपेतही सुचायचं. रडणाऱ्या एका माणसाला काय सांगावं, ते मात्र उभ्या आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

झेनझेले त्यांचा एकुलता एक मुलगा. जोहान्सबर्गला कारखान्यात लागला, बापाच्या वळणावर गेला, कामगारांना एकत्र करायला लागला. शरद सरता सरता पोलिसांनी त्याला उचलला आणि थंडी पडायच्या सुमाराला निरोप आला, की चौकशी चालू असताना मुलगा खिडकीतून पडला. त्या इमारतीच्या खिडक्यांतून माणसं फार पडायची. पोलिस मात्र एकही कधी पडला नाही. मोठे सावध लोक! शवपेटी खिळे ठोकून आली, उघडायची नाही म्हणून हुकूम आला, आणि वस्तीमागच्या टेकडीवर मुलाला पुरलं.

बाप पुरायलाही गेला नाही. जाऊ दिलाच नाही. एल्फस झोंडी म्हणजे पक्षाचा जुना माणूस, रबर कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला की भोंगासुद्धा थांबून ऐकतो म्हणायचे लोक. सरकारने त्याला दहा वर्षं बेटावरच्या तुरुंगात दगड फोडायला लावले, मग सोडला आणि हातात बंदीहुकूम ठेवला. डांबुझा ज्यात येतं त्या मॅरिट्झबर्ग शहराची हद्द ओलांडायची नाही. संध्याकाळी सहाच्या आत घरात. एका वेळी एकाहून जास्त माणसांत बसायचं नाही. त्याचं बोलणं कुणी छापायचं नाही की सांगायचं नाही. दोनांच्या वर माणसं जमली की ती सभा, आणि मयत ही तर केवढी मोठी सभा! म्हणून त्या दिवशी दोन पोलिस दारात उभे राहिले आणि एल्फस खिडकीच्या चौकटीला धरून उभा राहिला, गाणं टेकडीपलीकडे जाईपर्यंत.

बंदीहुकमावर तोड म्हणून त्याने पुढच्या खोलीत जोडे शिवायचं दुकान घातलं होतं. गिऱ्हाईक एका वेळी एकच, अगदी कायद्याला धरून. तळवा शिवून होईपर्यंत तो मजुरीचं अर्थशास्त्र समजावून सांगायचा. हळूहळू पोरं चांगले धडधाकट जोडे फाडून आणायला लागली. आणि ज्यांना सीमेपलीकडे जायचं असे, त्यांना कुठल्या गावी उतरायचं, कुणाच्या दारावर थाप मारायची, हे एल्फसच्याच तोंडून कळे. लिहून ठेवलेलं काही नाही. सगळं त्याच्या डोक्यात.

झेनझेले गेल्यापासून माखोझाला स्वप्न पडायचं. पोरगा नुसत्या शर्टावर, एका भिंतीशी उभा, कुडकुडतोय. "देह आणला आपण, पण तो तिथेच आहे," ती म्हणायची. "बापाने जाऊन आणायला हवा. त्याला ओळखीचा आवाज लागतो." एल्फस म्हणायचा, "मेलेला माणूस कुठे उभा राहत नसतो." मग ती नातेवाइकांकडे गेली. फांदी धरणाऱ्याच्या वतीने बोलायला सोबत एक माणूस लागतो, तेवढा तरी द्या म्हणाली. पण झोंडीच्या घरचं काम म्हटल्यावर कुणाची कंबर धरली, कुणाची गाय व्यायला झाली. सगळ्यांनी हात वर केले. शेवटी बाई एकटी गेली. त्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर उभं राहून तिने मुलाला हाका मारल्या, आधीच काढून ठेवलेलं त्याचं वेगळं तिकीट घेतलं आणि गाडीत बसली.

"मूई रिव्हरला गाडी थांबली," डोळे पुसत ती सांगायला लागली. "डब्यात मुंगी शिरायला जागा नाही. माझ्या शेजारची जागा तेवढी मोकळी. मोकळी कसली, त्याचीच ती. फांदी ठेवलेली मी तिथे. एक पोरगी चढली, पाठीला तान्हं बांधलेलं, थंडीने काकडलेली. तिला फांदी दिसलीच नाही. बसायला म्हणून वाकली आणि माझ्या तोंडून गेलं, 'अगं नको बसू, माझा मुलगा बसलाय तिथे!'"

"मग?"

"मग काय! ती तोंडावर हात ठेवून मागे सरकली बिचारी. पण मी बोलले ना! त्याची जागा राखायला गेले आणि त्यालाच घालवून बसले. उतरायला धावले तर गाडी सुटलेली. फांदी हातात घेतली तर नुसतं लाकूड." तिने टेबलावरच्या फांदीकडे पाहिलं. "जोहान्सबर्गला निदान त्याची ओळखीची माणसं होती हो. मूई रिव्हरला कोण आहे त्याचं? केवढी थंडी तिथे!"

एल्फसने आरी खाली ठेवली. "आपण त्याला टेकडीवर पुरलंय, माखोझा. तो तिथे आहे. मूई रिव्हरला कुणी नाही."

"आपण नाही. मी पुरलंय," ती म्हणाली. "तुम्ही खिडकीत होतात."

एल्फसने आरी पुन्हा उचलली आणि परत ठेवली.

"आता माझ्या हाकेला नाही यायचा तो. मी त्याला एकदा मध्येच उतरवलाय. तुम्ही जा."

"हद्दीबाहेर आहे ते. धरला गेलो तर पाच वर्षं."

"ठाऊक आहे मला."

"आणि मी हे मानत नाही, तेही ठाऊक आहे तुला."

माखोझाने आता कुठे कोटाची बटणं सोडायला घेतली. "तुमची ती जनता जनता म्हणता, जिच्यासाठी दहा वर्षं आत बसलात, ती मला एकदाही दिसली नाही. मी लोकांच्या चादरी धुतल्या, पोराला वाढवलं. कधी विचारलं का मी तुम्हाला, की अहो, ती खरंच आहे का म्हणून?"

ती उठून चुलीकडे गेली आणि मक्याच्या पिठाला पाणी ठेवलं.

डांबुझात बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी भेंगू मास्तर एक जोडा काखेत मारून आला. शाळेत इतिहास शिकवायचा आणि पक्षाचं गावातलं काम चोरून बघायचा. जोडा नवाकोरा होता, टाच तेवढी मुद्दाम उचकटलेली.

"कॉम्रेड, ऐकतोय ते खरं का?" बसल्या बसल्या त्याने विचारलं.

"काय ऐकतोयस?"

"की तुम्ही झाडाच्या फांदीशी गप्पा मारायला मूई रिव्हरला निघालात."

"अजून निघालो नाही."

"निघूही नका." मास्तरचा आवाज चढला आणि त्याने तो मुद्दाम खाली आणला, कारण समोर निलगिरीखाली सार्जंट मथालानेची करडी गाडी बारा महिने पाळतीवर उभी असायची. "तीन पोरं निघायची आहेत. रस्ता तुमच्या डोक्यात. तुम्ही आत गेलात की ती इथेच अडकली, आणि इथे अडकली की त्यांच्याही नशिबी कुठली तरी खिडकी. दुसऱ्यांच्या मुलांचा विचार करा."

"आजवर दुसरं काय केलं मी?" एल्फस म्हणाला. एवढं बोलून त्याचंच तोंड कडू झालं. उचकटलेली टाच चाचपत तो म्हणाला, "रस्ता पाठ करून घे. आत्ता. मी सांगतो, तू परत म्हणून दाखव."

मास्तरने पाठ केला. चुकला तिथे एल्फसने हातोडीने त्याच्या गुडघ्यावर हलकेच टपली मारली. सगळं नीट म्हणून झाल्यावर मास्तरने डोळे पुसले, रागाने की कशाने देव जाणे. "मी सोळा वर्षांचा होतो, तुम्ही मला शिकवलंत की हे सगळं खुळ. मी घरी जाऊन माझ्या आजीशी भांडलो हो, तुमच्या भरवशावर! आणि आता तुम्हीच?"

"खुळच आहे. मी आजही मानत नाही."

"मग कशासाठी?"

"माझ्या मानण्यासाठी त्या बाईने दहा वर्षं नवऱ्याविना काढली. तिच्या मानण्यासाठी मी एक दिवस काढला तर काही पक्ष बुडत नाही."

"एक दिवस? पाच वर्षं!"

"ते सरकारचं गणित," एल्फस म्हणाला आणि जोडा त्याच्यापुढे सरकवला. "चांगले जोडे फाडत जाऊ नका रे. वाईट वाटतं."

बोलला खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मास्तर काही खोटं बोलला नव्हता. एकदा रस्ता पाठ झाला म्हणजे झालं असं थोडंच असतं? पोरं घाबरतात, वाटेत निरोप बदलतात, तेव्हा जुनं माणूस जागेवर लागतं. आपण हे बायकोसाठी करतोय, की मुलासाठी, की त्या खिडकीत उभं राहावं लागलं त्याचा सूड म्हणून? त्याला काही केल्या उलगडेना. हातोडी दोनदा बोटावर बसली.

मंगळवारी सकाळी त्याने परसातल्या रानबोरीची ताजी फांदी तोडली. या झाडाला काटे जोडीने येतात, एक सरळ पुढे बघणारा, एक मागे वळलेला. माखोझाने त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली, टोपी कानांपर्यंत ओढून दिली आणि स्वतः पुढच्या खोलीत त्याच्या बैठकीवर जाऊन बसली.

"सावकाश ठोक," एल्फस म्हणाला. "मध्ये मध्ये थांब. मी थांबतो तशी."

"मला शिकवू नका. दहा वर्षं या घराचे खिळे मीच ठोकलेत."

तो मागच्या दाराने मक्याच्या वाळलेल्या धांड्यांतून निघाला, तेव्हा घरातून ठकठक ऐकू यायला लागली होती.

मूई रिव्हरला बस पोचली तेव्हाही सावलीतलं दव पांढरं होतं. हाक मारायच्या आधी बोलायला हरकत नसते, म्हणून त्याने परतीची दोन तिकिटं आधीच मागून घेतली.

"दुसरं कुणाचं?" कंडक्टरने विचारलं.

"मुलाचं."

कंडक्टरने इकडे तिकडे मुलगा शोधला, मग त्याची नजर घोंगडीतून डोकावणाऱ्या फांदीवर गेली. त्याने गुपचूप दोन्ही तिकिटं फाडून दिली.

स्टेशनच्या तिसऱ्या वर्गाच्या फलाटावर, अगदी टोकाला जाऊन एल्फस उभा राहिला. हमाल झाडत होता. दोन बायका गाठोड्यांवर बसून उकडलेली कणसं खात होत्या. भाषणाची सवय म्हणून एल्फसने आधी पाय रोवले, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"झेनझेले," तो म्हणाला.

आवाज त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंतही नीट पोचला नाही. त्याने पुन्हा हाक मारली, आणि या खेपेला कारखान्याच्या फाटकावरचा जुना आवाज आपसूक आला. "झेनझेले! झोंडीच्या मुला! नोंदाबाच्या कुळाच्या मुला! मी तुझा बाप आलोय. इथे तुझं कुणी नाही. चल घरी."

बायकांच्या हातातली कणसं तशीच राहिली. हमालाने टोपी काढली. बाकी काही झालं नाही. वारा होता तसाच बोचत होता आणि फांदी होती तशीच फांदी होती. एल्फस वळला आणि चालायला लागला. पण बसच्या पायरीशी आल्यावर तो म्हणाला, "पायरी उंच आहे, सांभाळून," आणि हे कुणी शिकवलं नसताना आपण कसं बोललो याचं त्याला नवल वाटलं.

खिडकीची जागा त्याने फांदीला दिली. सुरुवातीला तो सभेत अहवाल वाचावा तसं बोलत होता. आता बस सुटली. आता वळण आलं. आता डावीकडे गोऱ्यांची शेतं, गवत जाळलंय त्यांनी. मेलेल्याला सगळं सांगावं लागतं, नाहीतर तो चुकतो. मग थोड्या वेळाने सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि गप्प बसवेना.

"सरकारी हुकमाप्रमाणे मला एका वेळी एकाच माणसाशी बोलायची मुभा आहे," तो हळूच म्हणाला. "तू एकटाच आहेस, तेव्हा हे अगदी कायदेशीर चाललंय बघ." मागच्या बाकावरची म्हातारी खुदकन हसली आणि तिने लगेच डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकलं.

"बेटावर मी रोज तुझ्याशी बोलायचो," तो सांगत राहिला. "दगड फोडता फोडता. सुटलो की याला हे सांगायचं, ते विचारायचं. सुटून आलो तर तू माझ्याहून उंच. दारात उभा राहून 'बसा बाबा' म्हणालास, पाहुण्याला म्हणावं तसं. मी बसलो आणि तुला विचारलं, इथे विणकामाच्या गिरणीत मजुरी काय मिळते! दहा वर्षांनी भेटलेला बाप आणि हा प्रश्न! वर्षभर होतास तू घरात, आणि आपण 'जेवलात का', 'पाणी आलं का' याच्या पुढे गेलोच नाही. तू लाजायचास आणि मीही."

मला धरून नेलं तेव्हा तू पहिलीत होतास, असं त्याने सांगितलं. पहाटे पोलिस आले तेव्हा पोर झोपेतून उठून चड्डी सावरत उभं होतं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून एल्फस म्हणाला होता, "तू आईजवळ थांब. मी जरा जाऊन येतो."

"आई सांगायची," एल्फस म्हणाला, "की त्यानंतर तू माझ्या खुर्चीवर कुणाला बसू द्यायचा नाहीस. पाद्री आला तरी नाही. 'नका बसू, बाबा येणारेत.' महिनोन् महिने. मग कधीतरी सोडून दिलंस. ते कधी, ते मी तिला विचारलं नाही."

लिजेटन गाव गेलं आणि बस एकदम थांबली. करडी गाडी रस्त्यात आडवी उभी होती. सार्जंट मथालाने धापा टाकत बसमध्ये चढला. जाडजूड माणूस, गुडघे गेलेले. तेरा-चौदा वर्षांपूर्वी याच मथालानेने एल्फसला रात्ररात्र विटेवर उभं करून 'बोल' म्हणून सांगितलं होतं. एल्फस बोलला नव्हता. पोलिसठाण्यात म्हणे त्यावरून मथालानेला अजून चिडवायचे, आणि बढतीही तिथेच अडली.

"झोंडी," तो म्हणाला, "तुझी बायको सकाळपासून एकच खिळा ठोकतेय. इतका मजबूत जोडा या देशात आजवर कुणी घातला नसेल."

कुणी हसलं नाही.

"शनिवारी ती फांदी घेऊन रडत आली, तेव्हाच मला शंका आली होती. गाडीतल्या बायकांना विचारलं, त्यांनी मूई रिव्हर सांगितलं. मीही आईच्याच पोटी जन्मलोय, मला काय कळत नाही? उतर खाली."

एल्फस हलला नाही. कंडक्टर चाचरत म्हणाला, "साहेब, त्यांचं तिकीट आहे. दोघांचं आहे."

मथालानेने खिडकीजवळच्या जागेकडे पाहिलं. मेलेल्याला घेऊन निघालेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नसतो, हे त्याच्याही आईने त्याला सांगितलं असणार. बसभर माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने गाडीतल्या शिपायाला ती बाजूला घ्यायची आणि ड्रायव्हरला बस सोडायची खूण केली आणि वरच्या दांडीला धरून एल्फसच्या कानाशी वाकला.

"हे बघ, म्हाताऱ्या. एक वाक्य बोल. 'सार्जंट, मी चुकून हद्दीबाहेर आलो.' बस्स. मी तसंच लिहितो, वरचा साहेब ताकीद देईल, तू आज तुझ्या घरी झोपशील. नाहीतर पाच वर्षं. तुझ्या वयाला पाच वर्षं म्हणजे काय, ते मी सांगायला हवं का?"

एल्फस समोर बघत राहिला.

"मोठ्याने नको बोलू. कानात बोल. कुणाला कळणारही नाही. तुझी बायको इथे नाही." मग त्याचा आवाज बदलला, त्यात तक्रार आली. "किती वर्षं मी तुझ्या एका वाक्यासाठी थांबलोय, झोंडी. तू ते आत्मा-बित्मा मानत नाहीस, तुझी भाषणं मला पाठ आहेत. मग एका लाकडापायी मरतोस कशाला?"

आणि तो खरं तेच बोलत होता, हीच तर पंचाईत होती. एल्फसला पक्कं ठाऊक होतं, की ते लाकूड आहे. एक वाक्य, की तो दुकानात परत बसणार होता. तीन पोरांना वाटेत काही लागलं तर जागेवर असणार होता. माखोझाची म्हातारपणी सोबत होणार होती. मागच्या खोलीत फांदी ठेवताना तिला सांगितलं असतं, आणला गं, आणि ती समाधानाने झोपली असती. एवढ्या सगळ्या जिवंत माणसांपुढे एक मेलेला, तोही नसलेला. कुठल्याही सभेत हा ठराव त्याने स्वतः हात वर करून मंजूर केला असता. पण डोळ्यांपुढे सारखं ते चड्डी सावरणारं पोर येत होतं, खुर्चीपुढे दोन्ही हात पसरून उभं राहिलेलं. त्याने आपल्यासाठी इतके महिने जागा धरली, आणि आपल्याला घरापर्यंत धरवू नये?

एल्फसने तोंड उघडलं. मथालाने आणखी वाकला.

"झेनझेले," एल्फस फांदीकडे वळून म्हणाला, "आता उमगेनीचा पूल येतोय. पाणी आहे खाली. घाबरू नकोस, आपण पलीकडे जातोय."

मथालाने सरळ झाला. मागची म्हातारी बारीक आवाजात गुणगुणायला लागली, मग तिच्या शेजारची, मग सगळी बस. बस भरलेली होती. एकच जागा मोकळी दिसत होती, आणि सार्जंटचे गुडघे तर वळणावळणाला वाकत होते. तो बसला नाही. डांबुझापर्यंत तो दांडीला धरून उभा राहिला.

वस्तीच्या वाटेवर तो एल्फसच्या मागून चालला. कोपरा वळतानाच ठकठक ऐकू आली. बाई अजून ठोकत होती! दोघांना फाटकाशी पाहिलं आणि हातोडी थांबली. माखोझा दारात आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे पोलिसाकडे. तिने काही विचारलं नाही, दारातून बाजूला झाली.

मथालानेने फाटकात टोपी काढली. आजवर तो एल्फसला झोंडी म्हणायचा, नाहीतर म्हाताऱ्या; कुळाच्या नावाने, मानाने, कधीच नाही. "नोंदाबा," तो म्हणाला, "आत ठेवून ये. मी इथे उभा आहे."

मागच्या खोलीत माखोझाने धूप लावला होता आणि ज्वारीच्या दारूचं मडकं मांडलं होतं. एल्फस गुडघ्यांवर बसला आणि फांदी भिंतीकडेला आडवी ठेवली. "हे घर," तो म्हणाला. "ही तुझ्या आजोबांची जागा. आलास तू."

"आला?" माखोझाने मागून विचारलं.

आता जिवंत माणसाशी बोलायला हरकत नव्हती. "आला," एल्फस म्हणाला. हे खरं की खोटं, ते ठरवायचं त्याला या वेळी काही कारण वाटलं नाही.

माखोझा भिंतीला धरून खाली बसली आणि तिने फांदीवर हात ठेवला. या खेपेला ती रडली नाही, नुसता हात फिरवत राहिली, काटे चुकवत. एल्फसने घोंगडी काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"भेंगू आला तर त्याला सांग, रस्ता तोच आहे," तो म्हणाला. "आणि तू ठोकलेला तो जोडा कुणाचा आहे ते बघ, परत दे त्याचा त्याला."

"त्यात आता पाय शिरायचा नाही," ती म्हणाली. दोघंही क्षणभर हसली. बाहेर फाटक करकरलं.

एल्फस दाराशी गेला, चौकटीला हात लावून थांबला आणि मागे वळला. माखोझाकडे नाही, तिच्या हाताखालच्या फांदीकडे पाहून तो बोलला.

"तू आईजवळ थांब. मी जरा जाऊन येतो."